इंडिकेटरची टिकटिक ऐकू येत नाही? बजर घेण्याआधी आवाज येतो कुठून ते बघा

उन्हाळा लागला की ही तक्रार दुकानात ठरलेली. "इंडिकेटर चालूच राहतोय, बंद करायचं ध्यानातच येत नाही. आवाज जरा मोठा करून द्या की." थंडीत हीच गाडी, हाच माणूस, आणि तक्रार नाही. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या वर गेला की काचा बंद, ब्लोअर तीन-चारवर आणि वरून गाणी. डॅशबोर्डच्या आतून येणारी बारीकशी टिकटिक त्यात ऐकू येईल कशी?

हिरवा बाण दिसतो की, असं काहीजण म्हणतात. रात्री दिसतो. दुपारी दोनला विजापूर रोडवर समोरून ऊन आलं की मीटरमधला तो बाण पेटलाय की विझलाय हे वाकून बघावं लागतं, आणि वाकून बघायची ती वेळ नसते.

यात धोका वळणावर नसतो, सरळ रस्त्यावर असतो. पूर्ण वळण घेतलं की स्टिअरिंग परत येताना इंडिकेटरची दांडी आपोआप मागे पडते. पण पुण्याकडून येताना ट्रक ओलांडला, डावा इंडिकेटर देऊन आपल्या लेनमध्ये आलात, तर स्टिअरिंग जेमतेम दोन बोटं हलतं. तेवढ्यानं दांडी सुटत नाही. मग सोलापूरच्या तोंडाशी असलेल्या बाळे गावापर्यंत डावा इंडिकेटर चालू. मधल्या कुठल्या तरी फाट्यावर मोटरसायकलवाला उभा असतो, तो बघतो की गाडी आत वळतेय, आणि बिनधास्त पुढं येतो. तुम्ही मात्र ऐंशीनं सरळ निघालेले असता.

म्हणून आवाज वाढवायचा हट्ट मला बरोबर वाटतो. फक्त त्यासाठी दुकानात शिरून पहिला दिसेल तो बजर आणायचा नाही. गाडी कुठली, आवाज निघतो कुठून आणि ऐकणारा कान कुणाचा, हे तीन प्रश्न आधी सोडवायचे. तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही आणि सोलापुरात तोच सगळ्यात महत्त्वाचा निघतो. त्यावर पुढं येतोच.

आवाज कुठून येतो

इंजिन बंद, ब्लोअर बंद, दारं लावून घ्या. लाल त्रिकोणाचं हॅझर्डचं बटण दाबा. चारी दिवे लुकलुकायला लागतील. आता स्टिअरिंगच्या खाली, फ्यूज बॉक्सच्या आसपास हात घाला. एखाद्या डबीला बोट लागलं आणि प्रत्येक ठोक्याला आतून टिचकी बसल्यासारखं वाटलं, तर तो तुमचा फ्लॅशर, म्हणजे दिवे लुकलुकवणारा भाग. आवाज खरा आहे, म्हणजे लोखंडाची पट्टी खरोखर हलतेय आणि तिचाच तो ठोका आहे.

अ‍ॅम्बॅसिडर, पद्मिनी अशा जुन्या गाड्यांत गोल डबीचा तापणारा फ्लॅशर असायचा. दिव्यांचा करंट आतल्या पट्टीतून जाऊन ती तापते, वाकते, सर्किट तुटतं, थंड झाली की परत जुळतं. त्यानंतरच्या गाड्यांत वेळ मोजायचं काम छोटं इलेक्ट्रॉनिक सर्किट करतं आणि दिवे चालू-बंद करायला आत एक रिले, म्हणजे करंटनं ओढला जाणारा स्विच असतो. टकटक त्या रिलेची. दोन्हीत आवाज मशिनचाच असतो, त्यामुळं त्याच्याशी हातानं काहीतरी करता येतं.

हाताला काहीच लागलं नाही आणि आवाज मीटरच्या काचेमागून येतोय असं वाटलं, तर गाडी नव्या पद्धतीची. तिच्यात दिवे चालवायचं काम बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे गाडीतला एक छोटा कॉम्प्युटर करतो. त्यातला स्विच बऱ्याचदा अर्धवाहकाचा, म्हणजे हलणारं काहीच नाही आणि आवाजही नाही. मग सवयीखातर मीटरमधला एक चिमुकला स्पीकर खोटी टिकटिक वाजवतो. आणि तिसरा प्रकार म्हणजे टिकटिक गाडीच्या म्युझिक सिस्टिममधून येणारा. जनरल मोटर्सच्या बऱ्याच गाड्यांत अशी सोय होती. त्या गाडीची कंपनीची सिस्टिम काढून बाहेरचा मोठा अँड्रॉइड स्क्रीन बसवला की इंडिकेटर मुका होतो. मालकाला वाटतं फ्लॅशर गेला. फ्लॅशर नाही गेला, त्याचा आवाज जुन्या टेपबरोबर खोक्यात बांधून घरी गेला. अशा ठिकाणी कंपनीच्या वायरिंगशी जुळणारा इंटरफेस घ्यावा लागतो, तोही असा की ज्यात सूचनांच्या आवाजाची सोय आहे. ते विचारून घ्या, कारण सगळ्यांत नसते.

मीटरमधून आवाज येणाऱ्या गाड्यांना आधी सेटिंग बघा. मीटरच्या किंवा स्क्रीनच्या मेनूत आवाजाच्या भागात इंडिकेटरचा किंवा सूचनांचा आवाज कमी-जास्त करायची सोय काही मॉडेलना असते. गाडी घेतल्यापासून तो पर्याय कुणी उघडलेलाच नसतो. मेनूत नसेल तर सर्व्हिस सेंटरला विचारा. काही गाड्यांत स्कॅन टूल, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र लावून तो वाढवता येतो. फुकटात होणारं काम आधी उरकून घ्यावं.

आधी ऐकू येत होता, आता येत नाही

हे वेगळं दुखणं आहे. पहिल्यापासून बारीक असलेला आवाज आणि अलीकडे बारीक झालेला आवाज यांना एकच औषध चालत नाही. अलीकडे गेला असेल तर गाडीत अलीकडे काय काम झालं ते आठवा.

सगळ्यात जास्त सापडतं ते फोम. डॅशबोर्ड खडखडतोय म्हणून कुणीतरी फोमची टेप चिकटवलेली असते, किंवा साउंडप्रूफिंगच्या नावाखाली आत जाड शीट भरलेली असते. रिले त्या फोममध्ये गाडला जातो. दुसरं म्हणजे रिलेची पकड. रिले ज्या क्लिपात अडकवलेला असतो ती प्लॅस्टिकची, आणि आपल्याकडच्या उन्हात दुपारभर काचा लावून उभ्या असलेल्या गाडीत ते प्लॅस्टिक कडक होऊन एक दिवस तुटतं. रिले मग वायरवर लोंबकळत राहतो. दिवे व्यवस्थित चालतात, त्यामुळं कुणाला कळत नाही, पण आवाज निम्मा होतो.

तिसरं, एलईडी. मूळ पिवळे बल्ब काढून एलईडी टाकले की करंट एकदम कमी होतो आणि फ्लॅशरला वाटतं बल्ब उडाला, म्हणून तो पळायला लागतो. त्यावर इलाज म्हणून एलईडीवाला फ्लॅशर बसवून देतात. दिव्यांची गती ठीक होते. पण त्यातल्या बऱ्याच फ्लॅशरमध्ये रिलेच नसतो, नुसता ट्रान्झिस्टर, म्हणजे आवाज शून्य. ज्यांना आवाज हवा त्यांनी दुकानातच तो फ्लॅशर लावून, वाजवून घ्यावा. पाकिटावर लिहिलेलं बघून नव्हे.

फ्लॅशर बदलायचा नाही म्हणून लोड रेझिस्टर, म्हणजे बल्बच्या वाटणीचा करंट खाणारा तुकडा लावणारेही आहेत. तो सहसा ६ ओहम, ५० वॅटचा येतो. चालू इंजिनाच्या १४ व्होल्टला तो पेटलेल्या वेळात ३२ वॅटच्या आसपास उष्णता ओकतो. हॅझर्ड लावून गाडी उभी राहिली तर हात लावता येत नाही. बंपरच्या प्लॅस्टिकला किंवा वायरच्या जुडग्याला बांधलेला रेझिस्टर दिसला तर तो आधी काढून पत्र्यावर बसवा. आवाजाचं नंतर बघू.

आवाज बारीक नाही पण गती बदललीय, असं असेल तर बल्ब तपासा. नियमानं इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकला पाहिजे. घड्याळ लावून पंधरा सेकंद मोजा, पंधरा ते तीसच्या आत आकडा यायला हवा. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरवर एका बाजूचा बल्ब उडाला की ती बाजू जवळपास दुप्पट पळते. जुना तापणारा फ्लॅशर उलट मंदावतो किंवा पेटल्या जागी अडकतो. मागच्या दिव्याची अर्थिंग गंजली तरी हेच होतं, आणि गावाकडच्या पांढऱ्या मातीतून फिरणाऱ्या गाड्यांत ते नेहमी सापडतं. होल्डर काढून पॉलिश पेपरनं घासा, अर्थच्या बोल्टखालचा गंज खरवडा.

फ्लॅशरचाच आवाज वाढवणे

हातानं सापडणारा फ्लॅशर असेल तर माझा पहिला उपाय पैसे न लागणारा आहे. त्याला फोममधून बाहेर काढा आणि कडक, पातळ, मोकळ्या पृष्ठभागाला घट्ट धरवा. मोबाइल रिकाम्या पातेल्यात ठेवला की घुमतो, तेच इथं करायचंय. स्टिअरिंग खालच्या प्लॅस्टिक पॅनेलची आतली बाजू किंवा डॅशबोर्डच्या मागची पत्र्याची पट्टी चांगली. फ्लॅशरला कान असेल तर स्क्रूनं आवळा. नसेल तर दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या करकचून बांधा. मध्ये डबल टेप, रबर, कापड काही नको. जागा पक्की करण्याआधी हॅझर्ड लावून तो हातानं इकडं-तिकडं टेकवून बघा. एकाच पॅनेलवर चार बोटं सरकवलं तरी आवाजात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पॅनेलच्या मधोमध ठणठणीत येतो, कडेला, जिथं ते क्लिपात बसतं तिथं, मरतो.

एक जुनी युक्ती सांगितली जाते, डबीचं टोपण काढून टाका. आवाज वाढतो हे खरं आहे. पण आतले पॉइंट उघडे पडतात आणि आपल्या शहरात हवेत धूळ तर आहेच, पूर्व भागात यंत्रमागाच्या कारखान्यांजवळ गाडी उभी राहत असेल तर सुताचं बारीक तुसही आहे. पॉइंटमध्ये तूस अडकलं की इंडिकेटर लागतो किंवा लागत नाही, त्याच्या मर्जीवर. मी टोपण काढून देत नाही.

जुना फ्लॅशर बदलून जास्त ठोक्याचा घ्यायचा असेल तर तीन गोष्टी बघून घ्या. पहिली, व्होल्ट. हायवेच्या शहरात ट्रकचा माल गल्लोगल्ली मिळतो आणि ट्रकचा फ्लॅशर २४ व्होल्टचा, दिसायला तसाच. १२ लिहिलंय का ते वाचा. दुसरी, वॅट. डबीवर साधारण २ गुणिले २१ अधिक ५ वॅट असं असतं, म्हणजे पुढचा एक, मागचा एक आणि फेंडरवरचा किंवा आरशावरचा बारका. तिसरी, पिना. तीन पिनांच्या फ्लॅशरवर ४९, ४९ए आणि ३१ लिहिलेलं असतं, किंवा जपानी पद्धतीच्यावर बी, एल आणि ई. बॅटरी, दिवे आणि अर्थ याच क्रमानं. पण पिनांची रचना सारखी दिसली तरी बी आणि ई जागा बदलून असलेले फ्लॅशर बाजारात आहेत. सॉकेटात आरामात बसतात आणि लगेच फ्यूज उडतो. आकार नाही, अक्षर जुळवा.

कान कुणाचा

माझ्या मामांनी सगळी हयात यंत्रमागावर काढली. आता निवृत्त आहेत, जुनी छोटी गाडी स्वतः चालवतात आणि चांगली चालवतात. मामी शेजारी बसलेल्या असल्या की "अहो, ते टिकटिक बंद करा" म्हणून सांगतात. एकटे असले की होटगी रोडवरून घरापर्यंत इंडिकेटर चालू.

त्यांना गाडीत बसवून मी एक पिझो बजर, म्हणजे बारीक चिरका आवाज काढणारी छोटी डबी, हातात धरून वाजवला. पाकिटावर दहा सेंटिमीटरवर ८५ डेसिबल लिहिलेला, माझ्या कानाला टोचणारा. मामा शांत बसलेले.

"लाव की," म्हणाले.

"चालूच आहे मामा."

"कुठं? मला तर काय येईना." मग बजरला बोट लावून बघितलं त्यांनी. "थरथरतंय खरं."

मग एक साधा रिले घेतला, त्याची कॉइल बॅटरीला लावून-काढून दाराच्या पत्र्याला टेकवला. ठक, ठक. लगेच मान वळली. "हां, हे येतंय. हे आपल्या धोट्यासारखं हाय."

यात नवल काही नाही. वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काम केलेल्या माणसाचा कान सगळीकडून सारखा जात नाही. आधी ४००० हर्ट्झच्या आसपासची पट्टी जाते, साधारण ३००० ते ६००० मधली. बोलण्याचा जाड भाग ऐकू येत राहतो, त्यामुळं त्यांना आणि घरच्यांनाही वाटतं कान शाबूत आहे. कारखान्यासाठी आठ तासांची मर्यादा ९० डेसिबल धरलेली आहे आणि धोट्याच्या, म्हणजे सूत घेऊन इकडून तिकडं आपटत धावणाऱ्या तुकड्याच्या मागांची ओळ चालू असलेल्या शेडमध्ये आवाज त्याच्या वर सहज जातो. उतारवयातही वरच्या पट्टीचंच ऐकणं आधी कमी होतं, माग चालवला असो वा नसो. आणि बाजारातले बहुतेक पिझो बजर वाजतात ते २५०० ते ४००० हर्ट्झच्या दरम्यान. म्हणजे जो आवाज त्या कानातून गेलाय, नेमका तोच आपण जास्त जोरात वाजवतो. शेजारी बसलेला वैतागतो आणि ज्याच्यासाठी लावला त्याला पत्ता नाही.

म्हणून माझा नियम असा झालाय. पन्नाशीच्या पुढचा किंवा मागावर, लोहारकामात, जनरेटरपाशी काम केलेला चालक असेल तर बजर आधी त्याला हातात धरून ऐकवायचा, इंजिन आणि ब्लोअर चालू ठेवून. ऐकू आला तर बसवा, स्वस्त आणि सोपा आहे. नाही आला तर जाड आवाजाकडं वळा. आणि एक कान दुसऱ्यापेक्षा बरा असेल तर आवाजाची जागा त्या बाजूला ठेवा. आपल्याकडं चालकाचा उजवा कान खिडकीकडं, त्यात वाऱ्याचा आवाज. डावा कान तुलनेनं शांत. मामांचा डावा बरा, म्हणून त्यांचा रिले गिअरच्या बाजूच्या पॅनेलला आहे. त्यांना सिव्हिल हॉस्पिटलच्या कान-नाक-घसा विभागातही दाखवलं, ते वेगळं. रस्त्यावर इंडिकेटरच नाही, मागचा हॉर्नही ऐकावा लागतो.

ठोका देणारा रिले कसा जोडायचा

हा उपाय साध्या वायरिंगच्या गाड्यांसाठी आहे, ज्यांत फ्लॅशर वेगळा असतो. लागतो तो एक साधा १२ व्होल्टचा गाडीचा रिले, हॉर्नला किंवा हेडलाइटला वापरतात तोच, चार किंवा पाच पिनांचा. त्यातल्या ८५ आणि ८६ या कॉइलच्या पिना. ३०, ८७ वगैरेंना काहीही जोडायचं नाही, त्या मोकळ्या. आपल्याला त्याच्याकडून काम करून घ्यायचं नाही, फक्त आवाज करून घ्यायचा. कॉइल साधारण ८० ते १०० ओहमची असते, म्हणजे करंट १५० मिलिअँपिअरच्या आत-बाहेर. एकवीस वॅटच्या दोन बल्बांपुढं ते काहीच नाही, फ्लॅशरच्या गतीवर परिणाम होत नाही.

तार कुठून घ्यायची हा खरा प्रश्न. बरेचजण फ्लॅशरच्या ४९ए किंवा एल पिनेवरून घेतात, कारण तिथं एकच तार आहे आणि डावा-उजवा दोन्ही त्यातूनच जातात. सोपं दिसतं, पण तापणाऱ्या फ्लॅशरमध्ये दांडी मधोमध असताना त्या पिनेवर सतत करंट उभा असतो. बजर लावला तर किल्ली फिरवल्यापासून कोकलत राहील. इलेक्ट्रॉनिकमध्ये कधी कधी उलटं होतं, आपली कॉइल पाहून त्यालाच वाटतं दिवे लागले आणि तो उगाच टकटकत बसतो. म्हणून तार दांडीच्या पुढून घ्या, म्हणजे दांडी ज्यात बसते त्या काँबिनेशन स्विचमधून बाहेर पडून डाव्या आणि उजव्या दिव्यांकडं जाणाऱ्या दोन तारांवरून. टेस्ट लॅम्प लावला की कुठली डावी, कुठली उजवी ते लगेच कळतं. टेस्ट लॅम्पचं टोक इन्सुलेशनमध्ये खुपसण्यापेक्षा कपलरच्या मागून घाला. टोचलेल्या जागी पावसाळ्यात हिरवं धरतं.

या दोन तारा थेट एकत्र जोडायच्या नाहीत. जोडल्या तर डावा दिला तरी चारी दिवे लागतील. प्रत्येक तारेवर एकेक डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा तुकडा, १एन४००७ नंबरचा, काळा, एका टोकाला रुपेरी पट्टा असलेला. पट्टा रिलेकडं, दुसरं टोक इंडिकेटरच्या तारेकडं. दोन्ही डायोडची पट्ट्याकडची टोकं एकत्र करून ८६ वर. ८५ अर्थला, पत्र्याच्या रंग खरवडलेल्या बोल्टखाली, तारेच्या टोकाला थिंबल (धातूचं कडं) दाबून. तार जिथून घेतली तिथंच, मूळ तारेच्या जवळ, दोन्हींना एकेक अँपिअरचा फ्यूज. फ्यूज लांब लावून उपयोग नाही. मधली तार घासून पत्र्याला लागली तर जळेल ती फ्यूजच्या अलीकडची.

तिसरा डायोड कॉइलवर उलटा लावा, पट्टा ८६ कडं, दुसरं टोक ८५ ला. कॉइलचा करंट तुटताना उलटा झटका बसतो, तो हा डायोड पोटात घेतो. काही रिलेंच्या आत तो आधीच असतो, तेव्हा रिलेच्या अंगावरचा नकाशा बघा आणि ८५-८६ची दिशा तशीच ठेवा. जोड झाळून स्लीव्ह चढवा. नुसतं पिळून इन्सुलेशन टेप गुंडाळली तर आपल्या उन्हाळ्यात टेपचा डिंक वितळतो आणि दिवाळीपर्यंत टेप सुटून लोंबायला लागते.

आता हा रिले पॅनेलला घट्ट. वर सांगितलं तसं, हलवून, जागा शोधून. चिकटताना एक ठोका, सुटताना एक, असा दुहेरी आवाज येतो, कंपनीच्या टिकटिकीसारखाच पण जाड. मामांच्या गाडीत प्लॅस्टिकचं पॅनेल पातळ होतं म्हणून मागं छोटा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा स्क्रूनं धरला, मग आवाज भरला.

बजरच लावायचा असेल तर जोडणी तीच, ८६ च्या जागी बजरची लाल, ८५ च्या जागी काळी, तिसरा डायोड नको. दुचाकीसाठी मिळणारा इंडिकेटरचा बजर चालतो, पण गाणी वाजवणारा घेऊ नका. जास्त टोचत असेल तर त्याच्या भोकावर टेपचा तुकडा लावा, अर्धं भोक झाकलं तरी पुरतं.

बॉडी कंट्रोल मॉड्यूलच्या गाड्या

इथं तारा कापायच्या आधी वॉरंटीचं पुस्तक काढा. वॉरंटी असेपर्यंत इंडिकेटरच्या तारांवर काहीही जोडलं तर पुढं वायरिंगचा दावा अडू शकतो. वॉरंटी संपली असेल तरी हे मॉड्यूल दिव्यांचा करंट मोजत असतं. काही गाड्यांत तर बल्ब शाबूत आहे का हे बघायला ते दिवा न पेटेल इतके छोटे करंटचे ठोके पाठवत राहतं. त्या ठोक्यांवर पिझो बजर चिरचिरतो, इंडिकेटर बंद असतानाही. रिलेला ओढून घ्यायलाच काही मिलिसेकंद लागतात, त्यामुळं तो गप्प राहतो. पण कंपनीचेच एलईडी दिवे असतील तर तिथं रिलेचा करंट दिव्यांच्या करंटच्या मानानं बराच मोठा पडतो आणि मीटरवर बल्बचा इशारा येऊ शकतो. त्यामुळं अशा गाडीला मी आधी मेनू, मग स्कॅन टूल, मग नाइलाजानं रिले, तोही गाडीच्या वायरिंगचा नकाशा समोर ठेवून.

दांडीच परत येत नसेल

पूर्ण यू टर्न घेऊनही इंडिकेटर चालूच राहत असेल तर आवाज वाढवून काय करणार? काँबिनेशन स्विचमधला प्लॅस्टिकचा खिळा झिजलाय, किंवा कुणीतरी स्टिअरिंग काढून चुकीच्या दातावर बसवलंय. दुसऱ्यात एका बाजूला परत येते, दुसऱ्या बाजूला नाही, त्यावरून ओळखा. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर हे काम रस्त्याकडेच्या टपरीवर करू नका. बॅटरीची मायनस काढून थोडा वेळ थांबल्याशिवाय त्या स्टिअरिंगला पाना लावायचा नसतो, आणि आतली क्लॉक स्प्रिंग, म्हणजे एअरबॅगकडं जाणारी गुंडाळलेली तार, वेडीवाकडी फिरली की तुटते.

पॅनेल बंद करण्याआधी

डावा लावा, मग उजवा, मग हॅझर्ड. तिन्हींत आवाज आला पाहिजे. एका बाजूला आवाज नाही आणि दुसरी बाजू लावल्यावर पहिल्या बाजूचे दिवेही मिणमिणतायत किंवा फ्यूज उडतोय, तर मुक्या बाजूचा डायोड उलटा बसलाय. दोन्ही बाजूंना आवाज आहे पण एक लावली की दुसरीही लुकलुकते, तर एखादा डायोड आतून शॉर्ट झालाय. हे बहुतेक झाळताना जास्त तापवल्यानं होतं. हॅझर्डला आवाज नसेल पण डावा-उजवा नीट वाजत असेल, तर तार जिथून घेतलीय ती जागा हॅझर्डच्या स्विचच्या अलीकडं आहे, थोडी पुढून घ्या.

मग ज्याची गाडी आहे त्याला चालवायला बसवा, काचा बंद, ब्लोअर तीनवर, आणि जुन्या पुणे नाक्यापासून हायवेला साठनं एक चक्कर मारून या. तुम्ही बाजूच्या सीटवर गप्प बसायचं. इंडिकेटर त्यानं द्यायचा आणि बंदही त्यानंच करायचा. गॅरेजात उभ्या गाडीत मोठा वाटलेला आवाज टायरच्या आवाजात पुरत नाही असं झालं, तर रिलेची जागा बदला. पॅनेलचे स्क्रू त्यानंतर आवळा.